बॅरिस्टर अंतुले : तडकाफडकी निर्णयांची कारकीर्द

अलोरे गावातल्या एखाद्या निराधार बाईला महिन्याचे अनुदान सुरू करून घ्यायचे असेल, तर तिला चिपळूणच्या तहसील कार्यालयात ‘संजय गांधी’च्या टेबलाशी जावे लागते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, पतीच्या मृत्यूचा दाखला आणि पुढे दरवर्षी स्वतः हयात असल्याचा दाखला. एवढे जमले की महिन्याला पैसे खात्यात येतात. ही संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. पण त्यांचे नाव काढले की जुन्या माणसांना निराधार योजना आठवत नाही, आठवते ते सिमेंट.

पन्नासच्या आसपास वर्षे राजकारणात काढलेल्या या माणसाविषयी कोकणात आजही दोन टोकांची मते ऐकू येतात. एकाच्या मते कोकणासाठी काही केले ते अंतुल्यांनीच. दुसऱ्याच्या मते मुख्यमंत्र्याने खुर्ची कशी वापरू नये याचा धडा म्हणजे अंतुले. दोन्ही मतांना आधार आहे, म्हणून त्यांची कारकीर्द क्रमाने पाहणे उपयोगाचे.

आंबेत ते विधानसभा

अंतुले यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२९ रोजी सावित्री नदीकाठच्या आंबेत गावी झाला. नदीच्या अलीकडे आंबेत, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, आणि पलीकडे म्हाप्रळ, रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात. दोन जिल्ह्यांच्या सीमेवरचे हे गाव. मुंबईत शिक्षण घेऊन ते लंडनला गेले, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन परतले आणि काँग्रेसच्या कामाला लागले. १९६२ साली ते श्रीवर्धनमधून विधानसभेवर निवडून आले आणि १९७६ पर्यंत आमदार राहिले. १९६९ नंतर विधी व न्याय, बंदरे, मत्स्यव्यवसाय अशी खाती त्यांनी राज्यमंत्री म्हणून सांभाळली. १९७६ मध्ये ते राज्यसभेवर गेले आणि पक्षाचे सरचिटणीस झाले.

पुढच्या उत्कर्षाचे बीज १९७७ च्या पराभवात आहे. आणीबाणीनंतर काँग्रेस हरली, १९७८ च्या जानेवारीत फुटली आणि महाराष्ट्रातले बहुतेक मातब्बर नेते इंदिरा गांधींपासून दूर गेले. साखर कारखाने, जिल्हा बँका, जिल्हा परिषदा ज्यांच्या हाती होत्या, ते सगळे दुसऱ्या बाजूला. अंतुले यांच्यामागे यातले काहीच नव्हते. ते इंदिराबाईंसोबत राहिले, आणि १९८० मध्ये त्या सत्तेवर परतल्या तेव्हा ही निष्ठा कामी आली.

कोकणचा मुख्यमंत्री

फेब्रुवारी १९८० मध्ये शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झाले, पाठोपाठ निवडणूक झाली आणि काँग्रेस (आय) ला मोठे बहुमत मिळाले. ९ जून १९८० रोजी अंतुले यांनी शपथ घेतली. राज्याचे ते पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. कन्नमवारांच्या निधनानंतर १९६३ मध्ये कोकणातल्याच बाळासाहेब सावंतांनी काही दिवस हंगामी कारभार पाहिला होता. दापोलीच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, तेच हे सावंत. तो अपवाद सोडला तर कोकणातून मुख्यमंत्री होण्याची ही पहिलीच वेळ होती.

याचे अप्रूप का वाटले ते अलोऱ्यात बसून लवकर कळते. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली येते, पोफळीला वीज तयार करते, कोळकेवाडीच्या धरणात साठते, अलोऱ्याजवळ पुन्हा वीज देते आणि वाशिष्ठीला मिळते. सगळी वीजगृहे मिळून प्रकल्पाची क्षमता आज १,९६० मेगावॅट आहे. राज्याच्या कारखान्यांना वीज पुरवणाऱ्या या पट्ट्यातले तरुण मात्र पोटापाण्यासाठी मुंबईच्या चाळीत जात होते. घरे मनिऑर्डरवर चालत होती. राज्याची सूत्रे पश्चिम महाराष्ट्राच्या हाती आणि कोकणाच्या वाट्याला आश्वासने, ही भावना घट्ट होती. त्यामुळे आपला माणूस मंत्रालयात सहाव्या मजल्यावर बसला याचा आनंद पक्षापलीकडचा होता.

एकोणीस महिन्यांतले निर्णय

अंतुले यांची कामाची पद्धत वेगळी होती. फाईल टेबलावरून टेबलावर फिरावी, खात्यांनी शेरे मारावेत, मग ती मंत्रिमंडळापुढे यावी, एवढा धीर त्यांना नव्हता. निर्णय आधी जाहीर व्हायचा, कागद मागून यायचा. या पद्धतीतून काही टिकाऊ गोष्टी झाल्या.

१ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि त्याच दिवशी मराठवाड्यात जालना. मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेल्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यात दक्षिणेकडच्या माणसाला कलेक्टर कचेरीतल्या एका सहीसाठी दीडशे किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागे. एस.टी.ने जायचे, मुक्काम करायचा, साहेब दौऱ्यावर असले तर हात हलवत परत यायचे. नव्या जिल्ह्यामुळे ही पायपीट थांबली. चिपळूण तालुका आणि त्यातले अलोरे रत्नागिरीतच राहिले, पण जिल्हा आटोपशीर झाला.

निराधार योजनेचेही तसेच. विधवा, अपंग, अनाथ आणि दुर्धर आजाराने घरी बसलेल्या माणसाला सरकारने दरमहा रोख रक्कम द्यावी, ही कल्पना तेव्हा नवी होती. २०२३ मध्ये ही रक्कम १,५०० रुपये झाली. मधल्या काळात सर्व पक्षांची सरकारे आली आणि गेली, पण योजना बंद करण्याचा विचार कोणी केला नाही.

काही घोषणा घोषणाच राहिल्या. शिवछत्रपतींची भवानी तलवार इंग्लंडहून परत आणू, असे त्यांनी जाहीर केले आणि राज्यभर चर्चा उडवून दिली. तलवार आली नाही.

फुटपाथवरची माणसे

त्यांच्या तडकाफडकी स्वभावाची दुसरी बाजू मुंबईत दिसली. १३ जुलै १९८१ रोजी, ऐन पावसाळ्यात, त्यांनी घोषणा केली की मुंबईच्या फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवले जाईल. महापालिकेने पाडापाडीला सुरुवात केली. लोकांना बसमध्ये बसवून शहराबाहेर नेण्यात आले.

पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १० जुलै १९८५ ला लागला. घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, कारण पोटाचे साधन काढून घेणे म्हणजे जगणेच काढून घेणे, असे न्यायालयाने म्हटले. फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही, रीतसर नोटीस देऊन हटवता येईल असे सांगितले. विस्थापन, फेरीवाले, झोपडपट्टी यांविषयीच्या प्रकरणांत या निकालाचा आधार आजही घेतला जातो. त्याची सुरुवात अंतुले यांच्या एका घोषणेतून झाली होती.

सिमेंटचे गणित

सिमेंट प्रकरण समजायला त्या काळचा बाजार डोळ्यांपुढे आणावा लागतो. फेब्रुवारी १९८२ पर्यंत देशातल्या सिमेंटचा भाव आणि वाटप पूर्णपणे सरकारच्या हातात होते. केंद्र राज्याला कोटा देई आणि राज्य परमिटवर वाटप करी. गावातल्या माणसाला घराचा कोबा करायचा तरी अर्ज करून पोत्यांची वाट पाहावी लागे. मागणी जास्त, माल कमी, त्यामुळे काळ्या बाजारात त्याच पोत्याला सरकारी भावाहून कितीतरी अधिक पैसे मिळत. म्हणजे परमिट हाती पडणे हेच पैसे हाती पडण्यासारखे होते. मुंबईच्या बिल्डरांसाठी तर ते सोन्याहून पिवळे.

दुसरीकडे अंतुले यांनी काही विश्वस्त संस्था उभ्या केल्या होत्या. साहित्यिक-कलावंतांना मदत करण्यासाठी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि कोकणाच्या विकासासाठी कोकण उन्नती मित्र मंडळ ही त्यांतली ठळक नावे. उद्देश वाचला तर कोणी नाव ठेवणार नाही. प्रश्न होता तो या संस्थांकडे येणाऱ्या देणग्यांचा. देणगी देणाऱ्यांत बिल्डर होते, साखर कारखाने होते, आणि त्यांना सरकारकडून काही ना काही हवे होते. परमिटवर अंतिम शब्द ज्याचा, देणगी घेणाऱ्या संस्थेवर वर्चस्वही त्याचेच, अशी ही रचना होती.

बातमी आणि लेंटिन यांचा निकाल

३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी हा व्यवहार उघड केला. कोणत्या बिल्डरने किती देणगी दिली आणि त्याला किती सिमेंट मिळाले, याच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या गेल्या. संसदेत गदारोळ झाला. मृणाल गोरे, प. बा. सामंत आदी विरोधी नेते सिमेंटच्या वाटपाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले.

१२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला. देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांच्यात देवाणघेवाणीचे नाते असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच दिवशी अंतुले यांनी राजीनामा जाहीर केला. २१ जानेवारीला बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. पुढे जे. जे. रुग्णालयातल्या भेसळयुक्त औषधाने झालेल्या मृत्यूंची चौकशी करणारे न्यायमूर्ती हेच लेंटिन.

राजीनाम्यानंतर महिना-दीड महिन्यातच केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले आणि १९८९ मध्ये ते पूर्ण गेले. ज्या टंचाईवर परमिटचे राज्य उभे होते ती टंचाईच हळूहळू संपली.

खटला : एक फिर्यादी, अनेक निकाल

राजीनाम्याने राजकीय प्रश्न सुटला, फौजदारी प्रश्न उरला. भारतीय जनता पक्षाचे रामदास नायक यांनी अंतुले यांच्याविरुद्ध भ्रष्टाचाराची खासगी फिर्याद दाखल केली होती. या एका फिर्यादीतून सर्वोच्च न्यायालयाचे जे निकाल निघाले ते कायद्याच्या विद्यार्थ्याला आजही पाठ करावे लागतात.

पहिला प्रश्न परवानगीचा. लोकसेवकावर खटला भरायला सरकारची पूर्वपरवानगी लागते. मुख्यमंत्र्याच्या बाबतीत ती राज्यपालांनी द्यायची, पण राज्यपाल तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. मग आरोपीच्या मंत्रिमंडळाने सल्ला द्यायचा का? अशा वेळी राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यावा, ही भूमिका १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मान्य झाली.

दुसरा प्रश्न : अंतुले आता मुख्यमंत्री नाहीत, पण आमदार आहेत. आमदार लोकसेवक आहे का? विशेष न्यायाधीशांनी आहे म्हटले आणि परवानगीअभावी त्यांना आरोपातून सोडले. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने उलट निर्णय दिला. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेनुसार आमदार लोकसेवक नाही, शिवाय ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद सुटल्यावर परवानगीची गरज उरत नाही. भ्रष्टाचाराची फिर्याद पोलिसांनीच द्यावी असे नाही, कोणीही नागरिक देऊ शकतो, हेही त्याच दिवशी स्पष्ट झाले. पुढे १९८८ च्या नव्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने लोकसेवकाची व्याख्या रुंदावली आणि १९९८ च्या निकालानंतर खासदार-आमदारही तिच्यात आले.

तिसरा टप्पा सर्वांत वेगळा. १९८४ मध्ये घटनापीठाने खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून थेट उच्च न्यायालयाकडे सोपवला होता, लवकर निकाल लागावा म्हणून. अंतुले यांनी हरकत घेतली : कायद्याप्रमाणे असा खटला फक्त विशेष न्यायाधीशच चालवू शकतात, मग मलाच वेगळा न्याय का, आणि उच्च न्यायालयात माझा अपिलाचा एक टप्पा का जावा? २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने त्यांचे म्हणणे उचलून धरले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचीच चूक मान्य केली आणि न्यायालयाच्या कृतीने कोणाचे नुकसान होता कामा नये हे तत्त्व सांगितले. उच्च न्यायालयातली तोवरची सुनावणी पाण्यात गेली.

चौथा निकाल १० डिसेंबर १९९१ चा. खटला वर्षानुवर्षे लांबला तर आरोपीच्या जलद न्यायाच्या हक्काचे काय? न्यायालयाने सांगितले की हा हक्क २१ व्या कलमातच आहे आणि तो तपासापासून अपिलापर्यंत लागू होतो. मात्र सगळ्या खटल्यांना एकच कालमर्यादा घालता येणार नाही, उशीर कोणामुळे झाला हे प्रत्येक वेळी पाहावे लागेल. देशातल्या हजारो कच्च्या कैद्यांच्या वकिलांनी पुढे या निकालाचा आधार घेतला.

अंतुले यांना या आरोपांत शेवटपर्यंत शिक्षा झाली नाही.

पडल्यानंतरची वर्षे

दुसरा एखादा नेता इथे संपला असता. अंतुले मात्र १९८९ पर्यंत आमदार राहिले आणि मग कुलाबा मतदारसंघातून १९८९, १९९१ आणि १९९६ अशा तीन लोकसभा निवडणुका जिंकले. हा शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला, तिथे दर वेळी कडवी झुंज द्यावी लागे. १९९५ मध्ये नरसिंह रावांनी त्यांना केंद्रात आरोग्यमंत्री केले. मधली काही वर्षे पराभवाची गेली, पण २००४ मध्ये पंचाहत्तरीत ते पुन्हा निवडून आले.

जानेवारी २००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय नव्याने निघाले आणि त्याचे पहिले मंत्री अंतुले झाले. त्याच वर्षी मुस्लिमांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरचा सच्चर समितीचा अहवाल संसदेत आला. त्यानंतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या आणि अल्पसंख्याकबहुल ९० जिल्ह्यांसाठी विकास कार्यक्रम सुरू झाला.

शेवटचा मोठा वाद डिसेंबर २००८ चा. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यात दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे शहीद झाले. मालेगाव स्फोटाचा तपास करणाऱ्या करकरेंना ताज किंवा ओबेरॉयऐवजी कामा रुग्णालयाकडे कोणी पाठवले, असा सवाल अंतुले यांनी जाहीरपणे केला. देश शोकात असताना केंद्रीय मंत्र्यानेच करकरेंच्या मृत्यूविषयी शंका घेतल्याने संतापाची लाट उसळली. त्यांनी राजीनामाही पुढे केला. २३ डिसेंबरला गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी संसदेत ही शंका निराधार असल्याचे निवेदन केले आणि प्रकरणावर पडदा पडला.

पुढच्याच वर्षी निवडणूक आली. पुनर्रचनेत कुलाबा मतदारसंघ जाऊन रायगड आला होता, त्यात रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर हे विधानसभा मतदारसंघही जोडले गेले होते. शिवसेनेचे अनंत गीते जिंकले आणि अंतुले यांची संसदेतली वाटचाल संपली. २ डिसेंबर २०१४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आयर्लंडमधला समकालीन

असाच एक नेता त्याच सुमारास आयर्लंडमध्ये होता. चार्ल्स हॉही १९५७ ते १९९२ असा सलग खासदार आणि तीन वेळा पंतप्रधान, पहिल्यांदा डिसेंबर १९७९ मध्ये. अर्थमंत्री असताना त्यांनी पेन्शनरांना मोफत प्रवास दिला आणि लेखक-कलावंतांचे उत्पन्न करमुक्त केले. त्यासाठी लोक त्यांना दुवा देत. पण उद्योजकांकडून त्यांनी मोठ्या रकमा घेतल्याचे १९९७ मध्ये एका चौकशी न्यायाधिकरणाने आणि २००६ मध्ये दुसऱ्याने नोंदवले. ते निवृत्त झाल्यावर हे सगळे बाहेर आले.

फरक लक्षात घेण्याजोगा आहे. हॉहींनी घेतलेले पैसे त्यांच्या स्वतःच्या राहणीमानासाठी गेले. अंतुले यांच्या प्रकरणात देणग्या संस्थांच्या नावे होत्या. आयर्लंडमध्ये सत्य शोधायला न्यायाधिकरणे बसली, ती उशिरा पण शेवटपर्यंत गेली. आपल्याकडे वृत्तपत्राने आणि उच्च न्यायालयाने काही महिन्यांतच खुर्ची खाली करायला लावली, पण फौजदारी खटला मात्र वर्षानुवर्षे कार्यपद्धतीच्या प्रश्नांत फिरत राहिला.

हिशेब कसा मांडायचा

चांगली कामे एका पारड्यात आणि सिमेंट दुसऱ्या पारड्यात टाकून तोलण्याने अंतुले समजत नाहीत, कारण दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून आल्या. नियमाची वाट न पाहता निर्णय घेणे, ही ती सवय. नवा जिल्हा त्याच सवयीने आला, फुटपाथवरची पाडापाडीही त्याच सवयीने आली, आणि प्रतिष्ठानाच्या देणग्याही.

टिकले ते काय, हे पाहिले की फरक दिसतो. सिंधुदुर्ग टिकला कारण तो अधिसूचनेने झाला आणि त्याला कलेक्टर, तिजोरी, न्यायालय मिळाले. निराधार योजना टिकली कारण तिला निकष आहेत, अर्ज आहे, तो नाकारण्याचे कारण लिहून द्यावे लागते आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. सिमेंटचे परमिट आणि देणग्या यांत यातले काहीच नव्हते. तिथे एकाच माणसाची मर्जी होती, म्हणून तो माणूस गेला तशी ती व्यवस्थाही कोसळली.

यातली विसंगती अशी, की कार्यपद्धतीचा ज्यांना आयुष्यभर कंटाळा, त्या अंतुले यांना १९८८ मध्ये वाचवले ते कार्यपद्धतीनेच. सर्वोच्च न्यायालयालाही नियमाबाहेर जाता येत नाही, हे त्यांनी स्वतःच्या खटल्यात सिद्ध करून घेतले, आणि ते तत्त्व आज कोणत्याही सामान्य आरोपीच्या कामी येते.

आजही नेत्यांच्या नावाने प्रतिष्ठाने निघतात, शिबिरे होतात, रुग्णवाहिका वाटल्या जातात. त्यात वाईट काही नाही. देणगीदारांची यादी उघड आहे का, त्यांतल्या कोणाचे काम त्याच नेत्याच्या सहीसाठी अडले आहे का, आणि ती सही नियमाप्रमाणे दुसरा एखादा अधिकारी नाकारू शकतो का, एवढे तीन प्रश्न ग्रामसभेतही विचारता येतात. १९८१ मध्ये अंतुले यांच्या मंत्रालयात ते कोणी वेळेवर विचारले असते, तर कोकणाला मिळालेला मुख्यमंत्री एकोणीस महिन्यांत गमवावा लागला नसता.